गुडघ्याखालचं टेंगूळ

गुडघ्याच्या वाटीवरून बोट सरळ खाली आणलं की नडगीच्या वरच्या टोकाशी एक उंचवटा लागतो. तो सगळ्यांनाच असतो. काहींचा मात्र टेंगळासारखा पुढे आलेला असतो, आणि गुडघे टेकले की तिथे जीवघेणी कळ येते. असा पंचविशीतला माणूस खोदून विचारल्यावर सांगतो, की दुखणं आठवी-नववीतलं आहे. तेव्हा कबड्डी होती, नाहीतर आखाड्यातल्या बैठका. घरच्यांनी आंबेहळदीचा लेप लावलेला असतो, क्वचित बिब्ब्याचा चटकाही. चटक्याचा डाग राहतो, टेंगूळही राहतं.

मांडीचा मोठा स्नायू वाटीमार्गे एका जाड पट्ट्याने या उंचवट्यालाच बांधलेला असतो. वाढीच्या वयात ती जागा पुरती हाड झालेली नसते, बरीचशी कूर्चाच असते. धावताना, उडी मारताना, बैठका काढताना प्रत्येक वेळी तिथे हिसका बसतो. एखादा कण सुटतो आणि सुटलेल्या जागीच त्याचं हाड बनतं.

जेम्स पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने १८९१ मध्ये अशा दुखण्याचं वर्णन केलं होतं, पण त्याला आत पाहता येत नव्हतं. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि आठ वर्षांत चित्र पालटलं. १९०३ मध्ये बोस्टनच्या रॉबर्ट ऑसगुड यांनी आणि त्याच वर्षी झुरिकच्या कार्ल श्लाटर यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हा विकार मांडला. आजाराला दोघांचीही नावं चिकटली. श्लाटर तोवर आख्खं जठर काढूनही रोगी जगवणारे म्हणून गाजले होते. पुढे त्यांचं नाव राहिलं ते मात्र पोरांच्या गुडघ्यात.

नाव मिळालं, की मागोमाग सुरी येतेच. १९३४ मध्ये बॉसवर्थ या शल्यविशारदांनी रुग्णाच्याच हाडाच्या खुंट्या उंचवट्यात ठोकल्या. तो लवकर जुळून यावा, हा हेतू. पण वाढत्या हाडाशी खेळणं महागात पडू शकतं: हाडाच्या पुढच्या बाजूची वाढ आधीच थांबली तर गुडघा मागच्या बाजूला वाकतो. पुढच्या शल्यविशारदांनी उंचवटाच तासून काढला. मग १९८० मध्ये मितल आणि सहकाऱ्यांनी न बऱ्या झालेल्या गुडघ्यांकडे नीट पाहिलं. पट्ट्याखाली एक सुटा हाडाचा तुकडा अडकलेला होता. दुखणं त्याचं, आणि तेवढाच काढला तरी पुरे. आज तो तुकडा काढून खालचा उंचवटा गुळगुळीत करतात, कधी दुर्बिणीतूनही. शंभर वर्षांत सुरीने जमवलेलं शहाणपण म्हणजे कमी कापायचं आणि हाडाची वाढ पुरी होईपर्यंत थांबायचं.

थांबण्याची ही विद्या आपल्याकडे, वर्ध्याला, नवी नाही. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले; तेच पुढे सेवाग्राम झालं. मातीच्या पट्ट्या, पथ्य आणि विश्रांती यांवर त्यांचा भर. (हेच गांधीजी १९२४ मध्ये ससूनच्या टेबलावर आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेसाठी निमूट झोपले होते, हेही विसरू नये.) १९६९ मध्ये सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय निघालं, १९९० मध्ये सावंगीला दुसरं. या आजारात पाठ्यपुस्तकही आधी गांधीजींच्या आश्रमाचंच म्हणणं मांडतं: खेळ कमी करा, बर्फ लावा, मांडीचे स्नायू ताणा, वाट पाहा. बहुतेक मुलं वाढ थांबली की बरी होतात. ज्यांचं दुखणं त्यानंतरही मुक्काम ठोकून बसतं, त्यांच्यासाठी सुरी.

अशा तरुणांचा मोठा लेखाजोखा आला तो फिनलंडच्या लष्करातून, २००९ मध्ये. तिथे तरुणांना लष्करी सेवा सक्तीची, त्यामुळे कवायतीत गुडघा बोलू लागला की तो डॉक्टरांपुढे येतोच. शस्त्रक्रिया झालेल्या १०७ जणांना सुमारे दहा वर्षांनी विचारलं, तेव्हा ८७ टक्क्यांना रोजच्या कामात अडचण नव्हती. गुडघे टेकताना अजिबात न दुखणारे मात्र ३८ टक्केच होते.

आपल्याकडे पहिला आकडा ऐकवून दुसरा गाळला जाईल, अशी मला भीती वाटते. पोलीस भरतीसाठी १६०० मीटर पळणाऱ्या पोराला पहिला आकडा पुरतो. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा तसं पळायला काही महिने जातात, तेव्हा भरतीची तारीख पाहूनच टेबलावर चढावं, एवढाच त्याचा हिशोब. पण जो दिवसातून पाच वेळा नमाज पढतो, जी गुडघा टेकून जमीन सारवते किंवा जो गुडघ्यावर बसून फरशी बसवतो, त्यांच्यासाठी ३८ हाच आकडा खरा. तो संमतीपत्रावर अंगठा घेण्याआधी सांगायला हवा.