आरंभीचे ख्रिस्ती आणि सैन्यवृत्ती

आरंभीची ख्रिस्तसभा युद्धविरोधी होती आणि सम्राट कॉन्स्टन्टाइनचा आश्रय लाभताच तिने तो बाणा सोडला, असे सांगण्याचा प्रघात आहे. हे विधान सर्वस्वी खोटे नाही. परंतु ज्या साधनाचा आधार त्यासाठी वारंवार घेतला जातो, तेच बारकाईने वाचले असता निराळे चित्र दिसते.

हे साधन म्हणजे मॅक्सिमिलियनच्या चौकशीचा वृत्तान्त. १२ मार्च २९५ रोजी न्यूमिडियातील थेवेस्ते (हल्लीच्या अल्जीरियातील तेबेस्सा) येथे हा एकवीस वर्षांचा तरुण सैन्यभरतीसाठी प्रांताधिपती डायन याच्यापुढे उभा करण्यात आला. आपण ख्रिस्ती असल्यामुळे सैनिक होऊ शकत नाही, हे तो पुनःपुन्हा सांगत राहिला. तरीही त्याची उंची मोजण्यात आली. ती ५ फूट १० इंच भरली (माप अर्थात रोमन). गळ्यात घालावयाची शिशाची मुद्रा त्याने नाकारली. ख्रिस्ताची मुद्रा आपण अगोदरच धारण केली आहे, असे त्याचे म्हणणे. अखेर त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा बाप फाबियस व्हिक्टर हा नवसैनिक पुरविण्याच्या व्यवस्थेतलाच माणूस. त्याने मुलाच्या चाकरीसाठी नवा पोशाख करवून ठेवला होता. तो शिरच्छेद करणाऱ्याला द्यावा, असे मुलाने मरणापूर्वी सांगितले. या वृत्तान्ताच्या अस्सलपणाविषयी काही अभ्यासकांनी शंका घेतली आहे. तथापि असला तपशील भक्तिकथा रचणाऱ्याला सहजासहजी सुचेल, असे आम्हांस वाटत नाही.

आता डायनचा युक्तिवाद पाहावा. खुद्द सम्राटांच्या परिवारात ख्रिस्ती सैनिक आहेत व ते चाकरी करीत आहेत, असे तो सांगतो. मॅक्सिमिलियन ते नाकारीत नाही, किंवा त्या सैनिकांचा धिक्कारही करीत नाही. त्यांना काय उचित ते तेच जाणोत, एवढेच म्हणतो. कॉन्स्टन्टाइन सत्तेवर येण्यास अद्याप ११ वर्षांचा अवकाश होता. किंबहुना टर्टुलियनने तिसऱ्या शतकाच्या आरंभीच सैन्यवृत्तीविरुद्ध लेखणी झिजविली, ती तरी कोणासाठी? ज्या वाटेने कोणी जातच नाही, तिच्यावर काटे पसरण्याचे कारण नसते.

नकारामागील कारणेही एक नव्हती. २९८ साली शतनायक मार्सेलस याने सम्राटांच्या उत्सवप्रसंगी कमरपट्टा फेकून दिला आणि टिंगिस येथे प्राण गमावले. त्याच्या जबानीत देवमूर्तींविषयीचा तिटकारा ठळक आहे.

३१४ च्या आर्ल येथील धर्मपरिषदेने शांततेच्या काळी शस्त्र टाकणाऱ्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याचे ठरविले. ‘शांततेच्या काळी’ म्हणजे युद्ध नसताना, की ख्रिस्ती लोकांचा छळ थांबल्यावर, याविषयी वाद आहे. नियमाचा काळ पाहता आमचा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे. पुढे एक शतक लोटले आणि ४१६ च्या सुमारास मूर्तिपूजकांनाच राजसेवेची दारे बंद करण्यात आली.

एवढे होऊनही जुनी बोच पुरती गेली नव्हती. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात सीझरियाचा धर्माध्यक्ष बॅसिल याने रणांगणावरील वधास खून मानले नाही; पण असा वध करणाऱ्यांचे हात निर्मळ नसल्यामुळे त्यांनी तीन वर्षे प्रभुभोजनापासून दूर राहावे, असा सल्ला दिला. दहाव्या शतकात सम्राट नायकेफोरस फोकस याने, युद्धात पडलेल्या सैनिकांना हुतात्म्यांचा मान द्यावा, अशी मागणी केली. तेव्हा धर्माचार्यांनी बॅसिलचा हाच नियम त्याच्यापुढे ठेवला, आणि ती मागणी फेटाळली गेली.