शरणपूरची पोरं आणि एक ओझं

गेल्या रविवारी चर्चमध्ये करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचला. प्रीतीचा अध्याय! घरी आलो आणि तासाभरात आजीची चादर बदलायची पाळी कुणाची यावरून आम्हा भावंडांत जुंपली. आजी आता कुणाला ओळखत नाही. "तिला काय कळतंय?" हे वाक्य माझ्याच तोंडून गेलं. संध्याकाळी शरणपूर रोडवरून जाताना तेच डोक्यात घोळत होतं, आणि एक जुनी गोष्ट आठवली.

शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, पण 'शरणपूर' हे नाव का, असा विचार कितीजण करतात? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने इथे ख्रिस्ती वस्ती वसवली. त्या काळी इंग्रजी आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं. त्यांतून सुटलेली आफ्रिकन मुलं मुंबईला यायची आणि त्यांतली बरीच इथे, रेव्ह. विल्यम प्राइस यांच्या आश्रमात. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकायची. आफ्रिकेत पुढे ती 'नासिक बॉइज' म्हणून ओळखली गेली. जेकब वेनराइट त्यांतलाच एक.

डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६६ साली आफ्रिकेत शेवटच्या सफरीला निघाला तेव्हा शरणपूरची नऊ पोरं त्याच्याबरोबर होती. सगळी काही संत नव्हती हं! त्यांतली बरीच वाटेतच त्याला सोडून गेली. जेकब आणि आणखी पाचजण १८७२ साली नव्या तुकडीबरोबर त्याला जाऊन मिळाले.

मे १८७३ मध्ये, आजच्या झांबियातल्या चितांबो नावाच्या गावप्रमुखाच्या वस्तीत लिव्हिंगस्टन वारला. आता हुकूम द्यायला कुणी नव्हतं. शव तिथेच पुरून परत फिरले असते तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण सुसी, चुमा आणि या नाशिककरांनी ठरवलं, त्याला त्याच्या माणसांत पोचवायचं. हृदय एका झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली. देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि खांद्यावर घेतला. वाटेत आजारपण, मृत्यू, प्रेत गावातून नेऊ न देणारे लोक. एकदा तर नुसत्या काटक्यांचं खोटं शव परत पाठवलं आणि खरं शव कापडाचा गठ्ठा म्हणून पुढे नेलं. वाटेत भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने सांगितलं, इथेच पुरा. त्यांनी ऐकलं नाही. हजार मैलांहून जास्त, नऊ महिने! फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्याला पोचले.

तिथे काय झालं? पगार चुकता करून त्यांना रजा दिली. बस्स. शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला तो एकटा जेकब, आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीला तो होता. सुसी आणि चुमा इंग्लंडला पोचले ते दफन उरकल्यानंतर.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सुसी तेव्हा ख्रिस्ती नव्हता. त्याचा बाप्तिस्मा १८८६ सालचा. म्हणजे तेराव्या अध्यायातली प्रीती अध्याय पाठ असणाऱ्यांचीच मक्तेदारी नव्हे. आणि ती दिसते कशात? मीठ चोळण्यात, गाठ घट्ट बांधण्यात, खांदा बदलण्यात. सगळी हलकी, वास येणारी, कंटाळवाणी कामं. ज्याच्यासाठी केली त्याला कळण्याचा प्रश्नच नव्हता. तो आभार मानणार नव्हता, शाबासकी देणार नव्हता.

पुढे १८७५ च्या सुमारास प्राइससाहेबांनी मोंबासाजवळ फ्रेरटाउन वसवलं आणि शरणपूरचे बरेच आफ्रिकन तिकडे गेले. नाशकात उरलं ते नाव.

"तिला काय कळतंय?" या माझ्या प्रश्नाचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वी आमच्याच गावच्या पोरांनी देऊन ठेवलं होतं. कळत नसेलच तिला. म्हणून तर चादर बदलायची.

असो. आज पाळी ताईची होती. मी बदलली.