अभियंते वैद्यक कसे शिकले? : अनुपानाचा आधुनिक इतिहास



मागचं व्याख्यान संपवून आम्ही जिना उतरत होतो, तेव्हा एका गृहस्थांनी थांबवलं. म्हणाले, "सर, तुम्ही ज्ञानमीमांसा शिकवत होतात, म्हणून विचारतो. मुलगी केमिकल इंजिनीअर झाली, दोन वर्षं कारखान्यात नोकरीही केली. आता म्हणते, औषध शरीरात नेमकं कसं पोहोचवायचं त्या विषयात पीएचडी करायची. बायॉलॉजी तर तिनं अकरावीलाच सोडलं. आता या वयात पेशी न् प्रथिनं शिकायला जमेल का हो?"

जिन्यात उभ्या उभ्या द्यावं असं याचं उत्तर आमच्यापाशी नव्हतं. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. एका शास्त्रात वाढलेलं मन दुसऱ्या शास्त्रात रुजतं का, आणि रुजताना त्याला काय टाकावं लागतं, काय जपावं लागतं, हा तत्त्वज्ञानाचा जुनाच प्रश्न आहे. तेव्हा आज आपण त्याचं उत्तर इतिहासात शोधू.

आधी विषय समजून घेऊ. आपल्याकडे वैद्य औषध देताना विचारतात, कशाबरोबर घेणार? मधाबरोबर, तुपाबरोबर, की कोमट पाण्याबरोबर? याला शब्द आहे अनुपान. म्हणजे औषध काय याइतकंच ते कशातून जातं यालाही महत्त्व आहे, ही जाण जुनी आहे. पण यावरून कुणी "हे सगळं आमच्याकडे होतंच" असं म्हणू लागला, तर त्याला हात जोडावेत. जाण असणं वेगळं आणि दर तासाला किती औषध रक्तात उतरेल याचं गणित मांडता येणं वेगळं. आपण बोलणार आहोत ते दुसऱ्याबद्दल.

गोळी घेतली की रक्तातलं औषध चढतं, मग उतरतं. फार चढलं तर अपाय, फार उतरलं तर निरुपयोगी. म्हणून तर आपण दिवसातून तीनदा गोळ्या गिळतो. औषध संथ, सारखं आणि हव्या त्या जागीच सोडता आलं तर? हा प्रश्न डॉक्टरांना छळत होताच. पण नीट पाहिलं तर हा वहनाचा प्रश्न आहे, आणि वहन हा इंजिनीअरांचा प्रांत.

आता गंमत बघा. हा प्रांत इंजिनीअरांना मिळाला कुणाकडून? नळीतून द्रव किती वाहील याचा जो नियम आज प्रत्येक इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतात, तो 1840 च्या दशकात मांडणारे प्वाझय हे फ्रेंच वैद्य होते. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं, हा त्यांचा मूळ प्रश्न. नळीचा व्यास दुप्पट केला, तर तेवढ्याच दाबाखाली प्रवाह सोळापट होतो, हे त्यांनी काचेच्या बारीक नळ्यांवर मोजून दाखवलं. एका पदार्थात दुसरा पदार्थ कसा पसरतो, त्या विसरणाचा नियम 1855 मध्ये दिला आडोल्फ फिक यांनी. तेही शरीरक्रियाशास्त्रज्ञ. म्हणजे केमिकल इंजिनीअर ज्याला आपली मिळकत समजतो, त्यातला बराचसा भाग वैद्यकाच्या घरून आलेला आहे. त्या मुलीनं बायॉलॉजी सोडलं असेल, पण बायॉलॉजीनं तिला पुरतं सोडलेलं नाही.

उलट दिशेचा प्रवासही झाला. 1943 मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडात, काम्पेन नावाच्या छोट्या गावी, विलेम कोल्फ या डॉक्टरांनी कृत्रिम मूत्रपिंड उभं केलं. सॉसेज भरायला वापरतात ती सेलोफेनची नळी एका फिरत्या पिंपावर गुंडाळली. यंत्र बनवायला मदत केली गावातल्या एनॅमलच्या कारखान्याच्या संचालकांनी. पहिले बहुतेक रुग्ण दगावले. 1945 मध्ये एक बाई बेशुद्धीतून परत आल्या. इथे डॉक्टर इंजिनीअरिंग शिकला, आणि शिकला तो कारखान्याच्या दारात उभा राहून.

1960 च्या दशकात येऊ. 1961 मध्ये अमेरिकेतले औषधनिर्माणशास्त्राचे प्राध्यापक ताकेरू हिगुची यांनी मलमातून औषध किती बाहेर येतं याचं समीकरण दिलं. बाहेर पडलेलं औषध काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे काय? पहिल्या तासात एक भाग बाहेर आला, तर दोन भाग व्हायला चार तास लागतील आणि तीन भाग व्हायला नऊ. आतल्या कणांना बाहेर पडायची वाट लांबत जाते, म्हणून. औषधाच्या वागणुकीला गणिताची भाषा मिळू लागली ती अशी.

त्याच सुमारास अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत ज्युडा फोकमन हे तरुण शल्यचिकित्सक आणि त्यांचे सहकारी डेव्हिड लाँग यांना दिसलं, की काही रंग आणि औषधं सिलिकॉन रबराच्या नळीच्या भिंतीतून हळूहळू झिरपतात. 1964 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. हे फोकमन आणि ही नळी, दोन्ही लक्षात ठेवा. दोघांकडे परत यायचं आहे.

आता मुख्य कहाणी. रॉबर्ट लँगर. 1970 मध्ये कॉर्नेलमधून केमिकल इंजिनीअरिंगची पदवी, 1974 मध्ये एमआयटीतून डॉक्टरेट. नुकतंच तेलसंकट होऊन गेलं होतं. तेलकंपन्या केमिकल इंजिनीअरांना शोधत होत्या. लँगरना अशा नोकऱ्या सहज मिळत होत्या. पण उत्पादन रतीभर वाढवण्यात आयुष्य घालवायचं मन होईना. गरीब मुलांच्या एका शाळेत त्यांनी विज्ञान शिकवलं होतं, म्हणून अभ्यासक्रम तयार करण्याच्या नोकऱ्यांसाठी पत्रं पाठवली. उत्तरं आली नाहीत. रुग्णालयांना लिहिलं. तिथेही तेच. मग प्रयोगशाळेतल्या कुणीतरी सुचवलं, बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात फोकमन म्हणून सर्जन आहेत, ते कधीकधी चाकोरीबाहेरची माणसं घेतात. त्यांनी घेतलं.

फोकमन यांनी 1971 मध्ये एक कल्पना मांडली होती, आणि पुष्कळांनी तिला हसून सोडलं होतं. गाठ वाढायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात. त्या फुटूच दिल्या नाहीत तर गाठीची उपासमार होईल. रक्तवाहिन्या रोखणारा पदार्थ शोधायचा कुठे? तर कूर्चेत, कारण कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग आमचे हे एमआयटीचे डॉक्टर काय करू लागले? खाटीकखान्यातून गाईची हाडं आणायची, कूर्चा खरवडायची, अर्क काढायचा. शिकवणी अशी सुरू झाली बघा. आधी पुस्तक आणि मग प्रयोग, असा क्रमच नव्हता. हातात हाड होतं, आणि त्या हाडामुळे जे वाचायला लागलं ते वाचलं.

अर्क तपासायचा ससाच्या डोळ्यात, कारण तिथे नवी रक्तवाहिनी उघड दिसते. पण अर्क आठवडेच्या आठवडे थोडा थोडा सुटत राहायला हवा. इथे अडलं. प्रथिनांसारखे मोठे रेणू असे पॉलिमरमधून संथ सोडता येणार नाहीत, हा तेव्हाचा जाणत्यांचा समज. सिलिकॉनच्या भिंतीतून लहान रेणू जातात. मोठा रेणू कसा जाणार? लँगर पुढे सांगत, की न जमणाऱ्या दोनशेहून अधिक तऱ्हा आपण शोधून काढल्या. अखेर एक जमली. इथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट हा पॉलिमर घ्यायचा. चपलांचे हलके तळ याच पदार्थाचे असतात. तो द्रावकात विरघळवायचा, त्यात प्रथिनाची पूड मिसळायची, थंडगार साच्यात ओतायचं, मग वाळवायचं. पूड जिथे जिथे होती तिथे बारीक पोकळ्या राहतात, एकमेकींना जोडलेल्या, वाकड्यातिकड्या. रेणू भिंत फोडत नाही, या बोळांतून वाट काढतो. पुण्याच्या पेठांत चारचाकी घातलेल्याला हे समजावून सांगायला नको. अंतर हातभर, पण पोहोचायला वेळ लागतो. लँगर आणि फोकमन यांचा हा लेख 1976 मध्ये 'नेचर'मध्ये आला. रेणू शंभर दिवसांहून जास्त काळ बाहेर येत राहिले.

मग सत्कार झाला असेल, असं वाटतं ना? पहिले नऊ अनुदान-अर्ज फेटाळले गेले. इंजिनीअर जीवशास्त्राबद्दल काय जाणणार, कर्करोगाबद्दल तर त्याहून कमी, असा सूर. उलट केमिकल इंजिनीअरिंगचे विभाग म्हणत, हे इंजिनीअरिंगच नव्हे. शेवटी जागा मिळाली ती एमआयटीच्या पोषण आणि अन्नविज्ञान विभागात. ज्यांनी घेतलं ते विभागप्रमुख लवकरच गेले, आणि ज्येष्ठांनी दुसरी नोकरी बघण्याचा सल्ला दिला. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही आपली म्हण बॉस्टनलाही लागू पडते. आम्ही स्वतः आयुष्यभर एकाच विभागात, एकाच कपाटासमोर काढलं. तेव्हा आम्ही विषय बदलणाऱ्या विद्यार्थ्यांना काय सल्ला देत होतो, हे आता आठवून थोडं संकोचायला होतं.

पुढची पायरी महत्त्वाची. तोवर वैद्यक बाजारात जे साहित्य मिळे तेच उचलत आलं होतं. कोल्फ यांची सॉसेजची नळी आठवा. लँगरनी प्रश्न उलटा केला: शरीराला काय हवंय ते आधी ठरवू, मग तसा पदार्थ घडवू. मेंदूतल्या गाठींचं उदाहरण घ्या. रक्तातून दिलेली पुष्कळ औषधं मेंदूत शिरतच नाहीत, आणि बाकीच्या शरीराला त्रास देतात. मग शस्त्रक्रियेत गाठ काढली की त्याच पोकळीत औषध भरलेल्या चकत्या ठेवायच्या. चकती साबणाच्या वडीसारखी वरूनच झिजली पाहिजे. मध्येच तुकडे पडले तर सगळं औषध एकदम सुटेल. असा पॉलिमर घडवला. हेन्री ब्रेम, जे फोकमनकडे विद्यार्थी होते, ते आता मेंदूचे शल्यचिकित्सक झाले होते; त्यांनी तो रुग्णांपर्यंत नेला. 1996 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

फळ काय? उलटलेल्या गाठींच्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत मध्यक आयुर्मान 23 आठवड्यांचं 31 आठवडे झालं. आठ आठवडे. एवढी वीस वर्षं, एवढी बुद्धी, आणि आठ आठवडे. इंजिनीअरला हा आकडा तुटपुंजा वाटेल. पण ज्याच्या घरात असा रुग्ण असेल त्याला विचारा. वैद्यकात शिरणाऱ्या इंजिनीअरला हीच गोष्ट शिकायला सगळ्यात जड जाते: इथे यश असंच, अर्धवट मिळतं, आणि तरीही ते यश असतं.

आता त्या सिलिकॉनच्या नळीकडे वळू. तिच्यापासून नॉरप्लांट हे गर्भनिरोधक निघालं. दंडाच्या कातडीखाली सहा बारीक नळ्या, त्यांतून पाच वर्षं संप्रेरक झिरपत राहणार. 1983 मध्ये फिनलंडमध्ये आणि 1990 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. वहनशास्त्राच्या दृष्टीनं देखणं काम! पण गोळी बाई स्वतः बंद करू शकते. नळ्या काढायला डॉक्टरच लागतो. त्यानं "नंतर या" म्हटलं तर? भारतात 1980 च्या दशकात अशा दीर्घकाळ चालणाऱ्या साधनांवर स्त्री-संघटनांनी हेच विचारलं. त्याच साखळीतल्या नेट-एन या इंजेक्शनच्या चाचण्यांबाबत 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. पूर्ण माहिती देऊन संमती घेतली का, हा त्यातला कळीचा मुद्दा.

या शास्त्राचं नावच बघा: नियंत्रित औषधमोचन. तत्त्वज्ञानाचा माणूस लगेच विचारणार, नियंत्रित म्हणजे कुणाच्या नियंत्रणात? पॉलिमरच्या, डॉक्टरच्या, सरकारच्या, की जिच्या दंडात ते आहे तिच्या? फिकच्या समीकरणात या प्रश्नाला जागा नाही. म्हणून तो सुटत नाही. फक्त दिसेनासा होतो.

1747 च्या सुमारास ला मेत्री यांनी माणूस म्हणजे यंत्र असं ठासून लिहिलं. ते स्वतः वैद्य होते. इंजिनीअरला ही कल्पना सोयीची, आणि काही पावलं ती खरंच उपयोगी पडते. टाकीत किती आलं, किती गेलं, किती उरलं, हा हिशेब शरीरालाही लागू होतो. पण पंप बसवला म्हणून नळ त्याच्यावर रागावत नाही. शरीर रागावतं. परकी वस्तू आत आली की तिच्याभोवती तंतूंची भिंत उभारतं, आणि काल बरोबर असलेलं गणित आज चुकतं. दोन पंप सारखे असतात. दोन रुग्ण नसतात.

चरकसंहितेत प्रत्यक्ष, अनुमान, आप्तोपदेश यांच्या जोडीला युक्ती हेही ज्ञानाचं साधन म्हटलं आहे. तिथला दाखला शेतीचा आहे: पाणी, नांगरट, बीज आणि ऋतू यांचा मेळ बसला की पीक येतं. अनेक कारणं एकत्र आल्यावर काय निपजेल हे ओळखणारी बुद्धी म्हणजे युक्ती. आम्हाला वाटतं, चांगल्या इंजिनीअरपाशी ही बुद्धी असतेच. वैद्यकात येताना तिला ऋतू ओळखायला शिकावं लागतं, इतकंच.

तेव्हा त्या गृहस्थांना आमचं उत्तर असं. आपल्या पुण्या-मुंबईत ही वाट अनोळखी नाही. मुंबईच्या यूडीसीटीत घडलेले केमिकल इंजिनीअर डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी पुण्याच्या एनसीएलमध्ये पाण्यात फुगणाऱ्या जेलवर काम केलं. आणि जेल किती फुगतो, त्यातून रेणू कसा सरकतो, हे औषध पोहोचवणाऱ्यालाही लागणारंच ज्ञान आहे. मुलीला जाऊ द्या. बायॉलॉजीचं अख्खं पुस्तक पाठ करून मग निघेन म्हणाली, तर तिला अडवा. एक खरा प्रश्न धरू दे, एक चांगला डॉक्टर सोबती मिळवू दे, त्याच्याबरोबर वॉर्डात फिरू दे. जे वाचावं लागेल ते तो प्रश्नच वाचायला लावेल. आणि अर्ज फेटाळले गेले तर निदान नऊपर्यंत तरी मोजायला सांगा.

आमच्या औषधाच्या डबीत रोज सकाळी एक गोळी असते, पूर्वी तीन असत. त्या उरलेल्या दोन गोळ्या कुणी वाचवल्या, याचा विचार आम्ही हे व्याख्यान तयार करेपर्यंत कधी केला नव्हता.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि ते गृहस्थ आज आले असतील, तर पहिला प्रश्न त्यांचा.