तिसऱ्या तारेची कथा



पनवेल सोडून पुण्याच्या वाटेला लागलें, कीं थोड्याच अंतरावर पळस्पे लागतें. गोव्याकडे जाणारा रस्ता येथेंच पुण्याच्या रस्त्यापासून फुटतो. त्यामुळें कोंकणांत जाणाऱ्या प्रत्येकाला पळस्पे फाटा ठाऊक असतो. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई वाढूं लागली. तसतशी या बाजूलाहि नोकरीधंद्यासाठीं आलेल्या लोकांची वस्ती वाढली व जुन्या घरांच्या खोल्या भाड्यानें जाऊं लागल्या. अशा जुन्या खोलीच्या भिंतीवर लांकडी पट्टीवरून आलेल्या दोन तारा आणि त्यांच्या शेवटीं दोन छिद्रांचें सॉकेट पुष्कळदां आढळतें. कांहीं ठिकाणीं सॉकेट तीन छिद्रांचें असतें, परंतु वरच्या मोठ्या छिद्रामागें तारच नसते. बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाहीं, आणि भाडेकरू त्यांतच इस्त्री, फ्रीज किंवा पाणी तापविण्याचा हीटर निर्धास्तपणें लावतो.

ही तिसरी तार कशासाठीं असते, जुन्या घरांत ती कां नाहीं, आणि ती नसतां तेथें राहणाऱ्यानें काय करावें, याचा थोडक्यांत इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

विजेच्या व्यवहारांत जमिनीला प्रथम महत्त्व आलें तें तारायंत्रामुळें. आरंभीं तारायंत्राला प्रवाह जाण्याची एक व परत येण्याची एक अशा दोन तारा लागत. १८३८ सालीं कार्ल ऑगस्ट स्टाइनहाइल या जर्मन शास्त्रज्ञानें असें दाखवून दिलें, कीं परतीची तार काढून टाकून दोन्हीं टोकें जमिनींत पुरलीं तरी काम चालतें. जमीनच परतीची वाट होते. या शोधानें तारायंत्राचा मोठा खर्च वांचला. परंतु त्याबरोबरच एक गोष्ट सिद्ध झाली, ती ही, कीं आपण जिच्यावर अनवाणी उभे राहतों, ती जमीन विजेच्या दृष्टीनें उदासीन नाहीं.

पुढें घरोघर वीज खेळूं लागली, तेव्हां निराळाच प्रश्न उभा राहिला. दुरून येणारा प्रवाह उच्च दाबाचा असतो व ट्रान्सफॉर्मर त्याला घरगुती दाबावर उतरवितो. ट्रान्सफॉर्मरच्या आंतील आवरण फाटलें, तर हजारों व्होल्टांचा दाब थेट दिवाणखान्यांत शिरावयाचा! या भयावर उपाय निघाला तो असा, कीं घराकडे जाणाऱ्या दोन तारांपैकीं एक तार पुरवठ्याच्या ठिकाणींच जमिनीशीं जोडावी. तज्ज्ञांत यावर पुष्कळ वर्षें वाद चालला. अमेरिकेच्या विद्युत् नियमावलीनें १९१३ सालीं दीडशें व्होल्टांपर्यंतच्या पुरवठ्याला ही जोडणी सक्तीची केली, आणि हळूहळू सर्वत्र तीच रीत रूढ झाली. जमिनीशीं जोडलेल्या तारेस आपण न्यूट्रल म्हणतों आणि दुसरीस फेज. या व्यवस्थेनें मोठें संकट टळलें. परंतु फेज तारेला हात लावून जमिनीवर उभा राहणारा मनुष्य आतां स्वतःच्या देहानें प्रवाहाची वाट पुरी करूं लागला. तिसऱ्या तारेची गरज येथें उत्पन्न झाली.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. मुंबईंत १८८२ सालीं क्रॉफर्ड मार्केटांत विजेचे दिवे लागले, परंतु विजेचा नियमित धंदा सुरू व्हावयास विसावें शतक उजाडावें लागलें. १९०५ सालीं बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली व मे १९०७ मध्यें विजेची ट्राम धांवूं लागली. त्यानंतर टाटांच्या जलविद्युत् योजनेनें सह्याद्रीचें पाणी कामास लावलें. लोणावळें, वळवण व शिरवता येथील तलावांचें पाणी सुमारें १,७०० फूट खालीं खोपोलीस आणून तेथील वीजघर १९१५ सालीं चालू झालें. भिवपुरी १९२२ सालीं आणि भिरा १९२७ सालीं त्याला जोडलीं गेलीं. खोपोली व भिरा हीं दोन्हीं ठिकाणें पनवेलप्रमाणेंच आजच्या रायगड, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यांतलीं. परंतु ही वीज मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठीं होती. ज्यांच्या डोंगरावरचें पाणी तिच्यासाठीं अडविलें, त्या घाटाखालच्या खेड्यांत घरगुती दिवा यावयास पुढें कित्येक वर्षें जावीं लागलीं.

या आरंभीच्या काळीं घरांत वीज म्हणजे दिवा, फार तर पंखा. दिवा छताला टांगलेला, त्याला कोणी हात लावीत नसे. बटण लांकडाचें किंवा चिनी मातीचें. अशा घराला दोन तारा पुरेशा वाटल्या, यांत नवल नाहीं. मागाहून लोखंडी इस्त्री आली, शेगडी आली. लोक त्या दिव्याच्या होल्डरमधून किंवा दोन छिद्रांच्या सॉकेटमधून चालवूं लागले. दिव्यासाठीं केलेल्या व्यवस्थेवर धातूच्या, हातांत धरावयाच्या उपकरणांचा भार पडला. ब्रिटनमध्यें १९३४ सालच्या प्रमाणांत गोल पिनांचे तीन पिनी प्लग निरनिराळ्या आकारांत ठरविले गेले. आपल्याकडील ५ व १५ अँपिअरचीं सॉकेटें त्याच घराण्यांतलीं. भारतीय प्रमाणांत त्यांचीं वारस म्हणून आज ६ व १६ अँपिअरचीं सॉकेटें आहेत. यांतील वरची जाड व लांब पिन उगीच तशी केलेली नाहीं. ती लांब असल्यामुळें प्लग खोंचतांना सर्वांआधीं जमिनीशीं जोडली जाते आणि काढतांना सर्वांच्या शेवटीं सुटते.

येथें एक शंका सहज येते. घरांत फ्यूज असतांना ही आणखी तार कशाला? या शंकेचें उत्तर आंकड्यांत आहे. साधी फ्यूज ५ अँपिअरची धरूं. ओल्या अंगाच्या मनुष्याचा रोध सुमारें १,००० ओहम मानला, तर २३० व्होल्टांच्या दाबाखालीं त्याच्या देहांतून ०.२३ अँपिअर प्रवाह जाईल. फ्यूजच्या दृष्टीनें हा एखाद्या लहान पंख्याचा भार झाला. ती वितळणार नाहीं. परंतु मनुष्याचें हृदय बंद पाडण्यास याच्या कांहीं अंशानेंहि पुरे होतें. फ्यूज ही तारा जळूं नयेत म्हणून बसविलेली असते. माणसाच्या रक्षणाचें काम तिच्याकडे कधीं सोंपविलेलेंच नव्हतें.

तिसरी तार हें काम कसें करते, तेंहि पाहूं. इस्त्रीच्या आंतील फेज तार सुटून लोखंडी अंगाला टेकली आणि तें अंग तिसऱ्या तारेनें जमिनीशीं नीट जोडलेलें असलें, तर प्रवाहाला मनुष्याहून कितीतरी सोपी वाट मिळते. त्या वाटेचा एकूण रोध १ ओहम असेल, तर २३० अँपिअरचा लोंढा येऊन फ्यूज तत्क्षणीं वितळते. परंतु अर्थिंग नुसतें नांवाला असून रोध १०० ओहम झाला, तर प्रवाह अवघा २.३ अँपिअर राहील. फ्यूज शाबूत राहील आणि इस्त्रीचें अंग जिवंत तारेसारखें होऊन बसेल. म्हणूनच अर्थिंगच्या खड्ड्यांत धातूची पट्टी किंवा नळी पुरून भोंवतीं मीठ व कोळसा घालण्याची आणि उन्हाळ्यांत तेथें पाणी ओतण्याची चाल पडली. कोरडी व खडकाळ जमीन प्रवाहाला सहज वाट देत नाहीं.

कायद्यानें हें सर्व फार पूर्वीं ओळखलें होतें. १९१० च्या भारतीय विद्युत् कायद्याखालीं १९३७ सालीं व नंतर १९५६ सालीं नियम झाले. १९५६ च्या नियमांप्रमाणें ग्राहकाच्या जागेंत जमिनीशीं जोडलेलें एक टोक पुरवून तें सुस्थितींत राखणें, हें वीज पुरविणाराचें कर्तव्य ठरलें. परंतु त्या टोकापासून खोलींतल्या सॉकेटापर्यंत तिसरी तार नेणें घरमालकाकडे राहिलें; आणि नेमक्या याच चार-दोन हातांच्या अंतरांत आपल्या शहरांतील भाडेकरूंचा प्रश्न अडकून पडला. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं १९४० च्या पातळीवर बांधून टाकलीं. भाडेकरूला आसरा मिळाला, परंतु मालकाला जुन्या तारा बदलण्याची उमेद उरली नाहीं; आणि दुसऱ्याच्या भिंतीवर स्वतःचा पैसा घालण्यास भाडेकरूचें मन घेईना. अशा रीतीनें कित्येक चाळींतून दोन तारांचें वायरिंग पिढ्यान् पिढ्या तसेंच राहिलें.

२००० सालीं अंमलांत आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानें जागा दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकावर ठेविली आहे. जेथें हा कायदा लागू आहे, तेथें भाडेकरूनें नोटीस दिल्यावर मालकानें पंधरा दिवसांत आवश्यक दुरुस्ती केली नाहीं, तर भाडेकरूला ती स्वतः करून खर्च भाड्यांतून वळता करतां येतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक नाहीं. एकट्यानें मागण्यापेक्षां साऱ्या बिऱ्हाडांनीं मिळून लेखी मागणी करणें केव्हांहि श्रेयस्कर.

परंतु मालक ऐकेपर्यंत जीव कसा सांभाळावा? याचें उत्तर विज्ञानानें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दिलें. १९५० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रियांत गॉटफ्रीड बीगेलमायर व दक्षिण आफ्रिकेंत हेन्री रुबिन यांनीं, आणि १९६१ च्या सुमारास अमेरिकेंत चार्ल्स डाल्झील यांनीं या दिशेनें महत्त्वाचें काम केलें. डाल्झील यांनीं स्वेच्छेनें पुढें आलेल्या मनुष्यांवर प्रयोग करून पाहिलें, कीं सुमारें १० ते १६ मिलिअँपिअर प्रवाहाला स्नायू असे आंवळतात, कीं हातांतली तार सोडवत नाहीं. या सर्व खटपटींतून जें यंत्र सिद्ध झालें, तें दोन तारांवर सतत पाळत ठेवतें. फेजमधून जितका प्रवाह गेला, तितकाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. मध्येंच ३० मिलिअँपिअरइतका प्रवाह जरी कोणाच्या देहांतून जमिनींत गळला, तरी तें यंत्र सेकंदाच्या अल्पशा भागांत वीज तोडतें. वायरमन लोक त्यास आर.सी.सी.बी. म्हणतात. त्याची मोठी महती ही, कीं त्याला तिसऱ्या तारेची गरज नाहीं. आपल्या १९५६ च्या नियमांत पुढें अशा गळतीरक्षक यंत्राची तरतूद झाली, परंतु ५ किलोवॅटच्या आंतील घरगुती जोडण्या तींतून वगळल्या गेल्या. म्हणजे ज्या लहान बिऱ्हाडाला त्याची सर्वांत अधिक गरज, तेंच बाहेर राहिलें. म्हणून भाडेकरूनें, मालकाच्या संमतीनें व परवानाधारक वायरमनकडून, मीटरनंतरच्या फळीवर हें यंत्र बसवून घ्यावें. खोली सोडतांना तें काढून बरोबरहि नेतां येतें. त्यावरील परीक्षेचें बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. वीज गेली नाहीं, तर यंत्र निकामी झालें असें समजावें.

याचा अर्थ अर्थिंगची गरज संपली, असा मात्र नव्हे. तिसरी तार नसेल, तर बिघडलेल्या फ्रीजचें अंग कोणी स्पर्श करीपर्यंत भारलेलेंच राहतें. यंत्र त्या मनुष्याला वांचवितें, परंतु क्षणभर धक्का बसूं देतें. आणि कोणी एका हातानें फेज व दुसऱ्या हातानें न्यूट्रल धरली, तर यंत्राला गळती दिसतच नाहीं. अमेरिकेच्या नियमावलींत जुन्या घरांना अशी सवलत आहे, कीं गळतीरक्षकाच्या आश्रयानें तीन छिद्रांचें सॉकेट बसवावें, परंतु येथें जमिनीची जोडणी नाहीं, अशी चिठी त्यावर लावावी. ही चिठी आपणांसहि अनुकरणीय आहे. मागून राहावयास येणाऱ्या बिऱ्हाडाची तिसऱ्या छिद्रानें फसवणूक होऊं नये.

कांहीं प्रचलित युक्त्या मात्र प्राणघातक आहेत. सॉकेटाच्या आंत वरच्या टोकाला न्यूट्रलशीं जोडून देण्याची युक्ति कांहीं वायरमन करतात. दिवा लागतो, परीक्षेंतहि सर्व ठीक दिसतें. पण न्यूट्रल तार वाटेंत कोठें तुटली, कीं घरांतील प्रत्येक उपकरणाचें लोखंडी अंग एकदम जिवंत होतें. तिसरी तार पाण्याच्या नळाला बांधणें असेंच वाईट. हल्लीं नळ वाटेंत प्लास्टिकचा असतो, आणि तुमच्या इस्त्रीचा दोष शेजाऱ्याच्या मोरींत जाऊन पोंचतो. तीन पिनी प्लगची वरची पिन तोडणें, किंवा ती झांकणारा दोन पिनी जोड वापरणें, म्हणजे उत्पादकानें दिलेलें संरक्षण आपल्या हातांनीं काढून टाकणें होय.

मग दोन छिद्रांच्या सॉकेटावर काय चालवावें? ज्या उपकरणावर एकांत एक असे दोन चौकोन छापलेले असतात, त्याला दुहेरी आवरण असतें व तिसऱ्या तारेची गरज नसते. दूरध्वनीचे चार्जर, पुष्कळसे रेडिओ व टेबलावरचे दिवे या वर्गांत येतात. इस्त्री, फ्रीज, धुण्याचें यंत्र, गिझर, पाण्यांत सोडावयाचा हीटर, हीं मात्र अर्थिंग असलेल्या सॉकेटाखेरीज लावूं नयेत. खोलींत असें एकच सॉकेट करून घेतां आलें, तरी तें आधीं या उपकरणांसाठीं करून घ्यावें. पावसाळ्यांत पनवेलकडची भिंत ओल धरते, फरशी घाम सोडते. अशा दिवसांत अनवाणी पायांनीं व ओल्या हातांनीं बटणास स्पर्श करूं नये. आणि एखाद्या उपकरणाला हात लावतां झिणझिण्या आल्या, तर त्या हंसण्यावारी नेऊं नयेत. आधीं मुख्य बटण बंद करावें आणि वायरमन येऊन पाहीपर्यंत तें उपकरण बाजूस ठेवावें.

खोपोलीच्या वीजघरास आतां शंभराहून अधिक वर्षें झालीं. डोंगर पोखरून, तलाव बांधून वीज आणणाऱ्यांचें कौतुक आपण करतों, आणि तें योग्यच आहे. परंतु वीज भिंतीपर्यंत आणणें हें अर्धेंच काम होतें. ती निरुपद्रवीपणें जमिनींत परत पोंचविणें हें उरलेलें अर्धें. तें अनेक जुन्या खोल्यांत अजून व्हावयाचें आहे. त्यासाठीं लागतो तो थोडा पैसा, एक कुशल वायरमन आणि मालक-भाडेकरूंचा थोडा सलोखा. आपल्या खोलींतल्या वरच्या छिद्रामागें तार आहे कीं नाहीं, एवढें तरी प्रत्येक श्रोत्यानें येत्या आठवड्यांत जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावें, अशी विनंती करून मी आपली रजा घेतों.