ओठ मिटण्याचे गणित

बोलक्या व्यंगचित्रपटांचा इतिहास बहुधा आवाजाच्या अंगाने सांगितला जातो. मला तो ओठांच्या अंगाने पाहावासा वाटतो. ‘फॅन्टेशिया’मधल्या (१९४०) पाणघोड्यांच्या नृत्यावर काम केलेल्या प्रेस्टन ब्लेअर यांच्या नावाने तोंडाच्या आकारांचा एक तक्ता रूढ आहे. आकार अवघे दहा. त्यात इंग्रजीतल्या के, जी, डी, एन, एस अशा दहाएक वर्णांना मिळून एकच तोंड! आपल्या वर्णमालेत कंठ्य क आणि दंत्य द यांची घरे वेगळी. पण ती जिभेची घरे. प्रेक्षकाला दिसतात ते मुख्यतः ओठ. ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतले दोन च आपला कान लगेच ओळखतो, या तक्त्याच्या हिशेबात मात्र ते जुळे.

सवलत नाही ती प, ब, म यांना. तिथे ओठ मिटलेच पाहिजेत, तेही सेकंदाला २४ चौकटींपैकी निदान दोन. नवशिका हे विसरतो, अक्षरागणिक नवे तोंड काढतो आणि पात्राचे ओठ नुसते फडफडतात.

फ्लायशर स्टुडिओच्या पॉपायचे पुटपुटणे जॅक मर्सर चित्रे तयार झाल्यावर भरत. ओठ जेमतेम हलत, तरी तो बोलतो आहे हे पटते. उलट १९५९च्या ‘क्लच कार्गो’ने पैसे वाचवण्यासाठी स्थिर चित्रांवर नटांचे खरेखुरे ओठ बसवले. उच्चाराशी मेळ बिनचूक. पण गाल, हनुवटी जागची हलत नाही.