स्वस्त बंदुकीचा नेम

नागोठण्याच्या भोवतालच्या डोंगरपट्टीत ‘बंदूक’ म्हटली की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे ठासणीची बंदूक उभी राही. नळीच्या तोंडातून दारू घालावी, वर गोळी किंवा छरे ठासावेत, आणि रात्री शेतात शिरणाऱ्या रानडुकराच्या रोखाने बार काढावा. अशा बंदुकीपासून आवाजाची अपेक्षा असे, नेमाची फारशी नसे. नळी आतून गुळगुळीत असल्यामुळे गोळी तीत आपटत बाहेर पडे व पुढे कोणती वाट धरील ते तिचे तिलाच ठाऊक. ह्या अनुभवातून अशी समजूत सहज रूढ होते की, अचूक नेम हा श्रीमंताच्या हत्याराचा गुण आहे. थोड्या पैशांत तो मिळावयाचा नाही. ‘पॉइंट टू-टू’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहान बंदुकीचा इतिहास मात्र निराळेच सांगतो.

ह्या बंदुकीच्या काडतुसाची उत्क्रांती पाहण्यासारखी आहे. १८४५ च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्लोबेर ह्या कारागिराने रंजकाच्या टोपीवरच गोळी बसविली. १८५७ साली अमेरिकेत स्मिथ व वेसन ह्यांनी तीत दारूची भर घातली, आणि १८८७ साली तिला आज जगभर चालणारे रूप आले. पितळी नळकांड्याच्या पोकळ काठातच रंजक भरलेले असते. काठावर टोच बसली की पेट घेतो. वर जेमतेम अडीच ग्रॅम शिशाची गोळी. नळीत पेचदार खाचा असतात व त्यांचा एक वेढा १६ इंचांत पुरा होतो. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. काडतूस कोंडण्यासाठी दाराच्या कडीप्रमाणे पुढे सारून खाली पाडावयाचा एक बोल्ट असतो. गोळी नळीतून सुटेपर्यंत तो जागचा हलत नाही. भाग थोडे म्हणून बंदूक स्वस्त, आणि हालचाल थोडी म्हणून ती नेमकी. काटकसर आणि अचूकपणा ह्या दोन्ही गोष्टी येथे एकाच कारणापासून उपजल्या आहेत.

तथापि अतिशयोक्ती करू नये. साधारण किमतीची चांगली बंदूक, तिला मानवणारे काडतूस मिळाले तर, ५० यार्डांवर पाच गोळ्या इंचभर जागेत बसविते. ऑलिंपिकमधील ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. तेथे तेवढ्याने भागत नाही. परंतु तेथेही दोष एकट्या बंदुकीचा नसतो. सामन्याची गोळी ध्वनीच्या वेगापेक्षा किंचित कमी, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने सुटते. एका गोळीचा वेग दुसरीहून दहा मीटरांनी कमी भरला, तर ५० मीटर जाईतो ती सुमारे सात मिलिमीटर अधिक खाली येते. म्हणून जाणता नेमबाज बंदुकीवर पैसे ओतण्यापूर्वी काडतुसे पारखून घेतो. आणि काडतुसानंतर उरतो तो माणसाचा श्वास, खांदा आणि चापावरचे बोट. ही तिन्ही बाजारात मिळत नाहीत. ती सरावाने कमवावी लागतात, आणि सरावाला स्वस्त काडतुसासारखा दुसरा गुरू नाही.

हे मर्म इंग्रजांना मोठी किंमत देऊन कळले. १५ डिसेंबर १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेत कोलेन्सो येथे बोअर शेतकऱ्यांच्या नेमापुढे इंग्रजी फौजेची दाणादाण उडाली. लॉर्ड रॉबर्ट्स ह्यांचा एकुलता एक मुलगा त्या लढाईत जखमी झाला व दोन दिवसांनी मरण पावला. युद्धानंतर ह्याच रॉबर्ट्सनी, देशातील सामान्य माणसाला नेम धरता आला पाहिजे ह्या ध्यासाने, लहान बंदुकीच्या मंडळांचा पुरस्कार केला. १९०१ साली निघालेल्या मूळ संस्थेच्या नावातच ‘कामकरी माणसे’ हे शब्द होते. मोठे मैदान नको, महाग काडतूस नको. २५ यार्डांची जागा आणि एक लहान बंदूक पुरे, अशी ती योजना होती.

रॉबर्ट्स ह्यांच्या आयुष्याची ४१ वर्षे हिंदुस्थानात गेली होती. १८८५ ते १८९३ ते येथील सरसेनापती होते. पण जी सोय लंडनच्या कामकऱ्यासाठी त्यांना आवश्यक वाटली, ती येथील रयतेच्या वाट्याला यावयाची नव्हती. १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरले होते. युरोपियनांना मात्र सूट होती. ह्याच, आजच्या रायगड जिल्ह्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुढच्याच वर्षी बंड करून उठले, ते ह्या कायद्याच्या छायेत. १८८७ च्या मद्रास काँग्रेसनेही ह्या कायद्याविरुद्ध ठराव केला. ह्या कायद्याने हत्यार हिरावले, ही हानी सर्वांना दिसते. पण त्याहून खोल हानी म्हणजे सराव हिरावला. ज्या हाताने लहानपणी कधी नेम धरलाच नाही, त्याला पुढे उत्तम बंदूक दिली तरी तो नवशिकाच राहतो. मग दोष बंदुकीच्या किमतीला लावावयाचा, की हातावर घातलेल्या बंदीला?

ह्याचे उत्तर स्वातंत्र्यानंतरच्या इतिहासाने दिले आहे. १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली आणि महाविद्यालयातील साध्या घरच्या मुलामुलींच्या खांद्याला तीच पॉइंट टू-टू, तेच २५ यार्डांचे अंतर लाभले. पुढे २०१० साली म्युनिक येथे कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्यांनी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळविले. ह्या दोघांच्या हाती सामन्याची महाग रायफल होती हे खरे. पण तीतून सुटणारे काडतूस १८८७ चेच होते, आणि ती रायफल पेलणारा हात खेड्यापाड्यांतून आला होता.

परवान्याची अट आजही आहे, आणि ती असावी हेच योग्य. बंदूक घरोघर पोहोचावी असे कोणी म्हणणार नाही. पण देखरेखीखालची २५ यार्डांची जागा आणि मूठभर काडतुसे एवढे तरी तालुक्याच्या गावाला परवडावे. नागोठण्याच्या मुलाचा नेम कांबळवाडीच्या मुलापेक्षा उपजत कमी असेल, असे मानण्यास इतिहासात आधार नाही.