पाठीवर मावणारी होडी

बोर्ड गुंडाळून पाठीवर घ्यायचा, सायकलने किंवा पायी डोंगरातल्या तळ्यापर्यंत जायचं, तिथे पंपाने हवा भरायची आणि उभं राहून वल्हवायचं. पॅडलबोर्डिंगचा हा प्रकार अगदी आजचा वाटतो ना? मग संशोधनासाठी प्रश्न कसा निवडायचा, ते याच्यावरच करून बघू. ‘हे पहिल्यांदा कोणी केलं?’ असं विचारलंत तर एक नाव मिळेल आणि विषय संपेल. ‘आधी काय अडत होतं?’ असं विचारून बघा.

१८२१ सालचा उत्तर कॅनडा. जॉन फ्रँकलिनची तुकडी परतीच्या वाटेवर कॉपरमाइन नदीपाशी अडकली. होडी नाही, अन्न जवळजवळ संपलेलं. डॉ. रिचर्डसन कमरेला दोर बांधून त्या गार पाण्यात उतरले. त्यांना अर्धमेल्या अवस्थेत ओढून काढावं लागलं. शेवटी सेंट जर्मेन या दुभाष्याने विलोच्या फांद्या आणि कॅनव्हास जोडून एकट्यापुरती होडी केली आणि ४ ऑक्टोबरला सगळे पलीकडे पोहोचले. त्या मोहिमेत ११ माणसं गेली. सगळं खापर नदीवर फोडता येणार नाही, पण उपाशी माणसांचे कितीतरी दिवस त्या काठावर वाया गेले.

ही हकिकत पीटर हॅल्केट या नौदल अधिकाऱ्याच्या डोक्यात बसली. १८४० च्या दशकात त्याने मॅकिंटॉशच्या रबरी कापडाचा एक झगा केला. अंगात घातला की रेनकोट, भात्याने हवा भरली की होडी. हवेचे कप्पे चार, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे तारून नेतात. हातातली काठी म्हणजे वल्ह्याचा दांडा, छत्री म्हणजे शीड. (हसू नका, चालायची!) १८४५ मध्ये ब्रिटिश नौदलाने कळवलं की कल्पना हुशारीची आहे, शोधमोहिमांना उपयोगी पडेल, पण नौदलाच्या रोजच्या कामाची नाही. मला हे उत्तर फारसं चुकीचं वाटत नाही. जॉन रेने १८४६-४७ च्या आर्क्टिक मोहिमेत अशी होडी नेली आणि ती त्याच्या खरोखर कामी आली.

मग त्याच कापडाचा बोर्ड का नाही झाला? कारण हवेचा दाब सगळीकडे सारखाच ढकलतो, त्यामुळे पिशवी फुगली की गोल होते. हॅल्केटची होडी म्हणजे फुगीर कडं, मधल्या खळग्यात बसायचं. उभं राहायचं तर सपाट आणि ताठ पृष्ठभाग हवा. त्यासाठी वरचं आणि खालचं कापड एकाच लांबीच्या हजारो धाग्यांनी आतून बांधावं लागतं. याला ड्रॉप-स्टिच म्हणतात. १९५० च्या दशकात गुडइयर कंपनीने अशाच कापडाच्या पंखांचं फुगवायचं विमान उडवलं होतं! आजच्या बोर्डात १२ ते १५ पीएसआय हवा भरतात, म्हणजे कारच्या टायरच्या निम्म्याहून थोडी कमी. तेवढ्यावर माणूस उभा राहतो, कारण धागे कापडाला गोल होऊ देत नाहीत.

हॅल्केटची एक होडी आजही स्कॉटलंडच्या ऑर्क्नी बेटांवर, स्ट्रॉमनेसच्या संग्रहालयात आहे. फोटो सापडला तर आधी तिच्या कडा बघा.